जेटीवरचे बांगडे

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी मी शंकराच्या जटेतून गंगा सोडली, तर ती उलटी वाहायला लागली. देवळासमोर वीस फुटी लोखंडी चौकट उभी होती आणि तिच्यावर एलईडी दिव्यांचा शंकर. जटेतून निळं पाणी निघून पायापर्यंत यायचं होतं. त्याऐवजी ते पायापासून निघून सरसरत वर जात होतं आणि जटेत गडप होत होतं. पुजारीकाका हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, गंगा तुमी परत बोलावल्यात काय?"

चूक माझीच होती. आमच्या दिव्यांच्या माळेला डोकं आणि शेपूट असतं. ती माळ बांधताना मी डोकं खाली ठेवलं होतं, म्हणजे पहिला दिवा पायाशी आणि शेवटचा जटेत. संगणकात क्रम उलटा केला, दहा मिनिटांत गंगा सुतासारखी सरळ आली. पुजारीकाकांनी मला नारळ दिला. तेव्हापासून त्या पंचक्रोशीत मी "गंगावाली बाई" झाले. त्याआधी नुसतीच "लायटिंगवाली" होते.

लायटिंगवाले म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव येतो. आमचं काम थोडं वेगळं. वाटाण्याएवढा एक दिवा असतो. त्याच्या पोटात तीन ठिपके: लाल, हिरवा, निळा. या तिघांना कमीजास्त केलं की हवा तो रंग मिळतो. असे हजारो दिवे एका माळेत असतात आणि प्रत्येकाला हजेरीपटासारखा नंबर असतो. एक छोटी पेटी त्यांची हजेरी घेत राहते: एकशे चाळीस, तू पिवळा हो, एकशे एक्केचाळीस, तू विझ. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा ही हजेरी होते, म्हणून बघणाऱ्याला मोर पिसारा फुलवताना दिसतो. कुठला दिवा कुठे बसवायचा, चित्र कसं हलवायचं, चौकट कशी करायची आणि हे सगळं चौकात, बागेत, एसटी स्टँडवर, जत्रेत उभं कसं करायचं, हा माझा धंदा.

मी मूळची कुडाळपासून आत डोंगराकडच्या गावातली. भात आणि काजू, एवढंच आमचं जग. समुद्र आम्हाला बाजारात भेटायचा, टोपलीतून. बारावीनंतर गोव्यात एका कारखान्यात सोल्डरिंगला लागले. सात वर्षं भिंगाखाली बारीक तारा जोडल्या. लग्नानंतर कुडाळला आले. माझे यजमान विलास यांचं फॅब्रिकेशनचं शेड होतं, खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट करायचे. एकदा त्यांनी एका शाळेसाठी लोखंडाचं कमळ केलं आणि मी त्यात दिवे घातले. तिथून आम्ही दोघं या कामात आलो. लोखंड त्यांचं, उजेड माझा.

आमच्या किनाऱ्यावर या धंद्याचा शत्रू पाऊस नाही. पावसाचं माहीत असतं. जूनच्या आधी पेट्या उतरवून घरात ठेवायच्या, झालं. शत्रू आहे तो खारा वारा. तांब्याची तार एका हंगामात हिरवी पडते. बाहेरचे ठेकेदार येतात, चकचकीत बोर्ड लावून जातात, आणि पुढच्या वर्षी अक्षरं गळायला लागतात. एका हॉटेलावर "मत्स्याहार" लिहिलं होतं, त्यातला "मत्स्या" विझला आणि नुसता "हार" उरला. मालकाने मला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, लोक फोटो काढून जातत, जेवक कोण बसणा नाय." मी प्रत्येक सांधा सिलिकॉनने बंद करते, मग त्यावर पुन्हा एकदा करते. विलास म्हणतात, तू दिवे लावत नाहीस, लोणच्याच्या बरण्या बंद करतेस. पण माझं काम टिकतं, हा मला अभिमान आहे.

हा अभिमान सांगून झाला. आता जे सांगायचं आहे ते सांगते.

देवगड आणि मालवणच्या मध्ये खाडीच्या तोंडावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथे एक जुनी जेटी आहे. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, जेटी म्हणजे पाण्यात गेलेला धक्का, होड्या लागतात तो. गावात पर्यटक यायला लागले होते आणि सरपंचांच्या मनात होतं की, जेटीच्या टोकाला असं काहीतरी उभं राहावं, जे बघायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतील. सरपंच तडफदार माणूस. मला म्हणाले, "ताई, डॉल्फिन सगळीकडे आहेत. आम्हाला डॉल्फिन नको."

मी म्हटलं, "मग बांगडे करू."

ते हसले, पण मी खरंच म्हणत होते. त्यानंतर दहा-बारा सकाळी मी त्या गावच्या माशांच्या लिलावाला जाऊन बसले. बांगडा ताजा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेघा असतात, तासाभरात त्या फिक्या होतात. मला त्या पहिल्या तासातला बांगडा हवा होता. आणि मला एकटा मासा नको होता, थवा हवा होता, एका क्षणी सगळे मिळून वळतात तसा. चारशे मासे अॅक्रिलिकचे कापले, प्रत्येकात सतरा दिवे. विलासनी त्यांच्यासाठी जेटीच्या टोकाला कमान उभी केली, इतकी बारीक की अंधारात दिसूच नये. थवा वळतो तेव्हा आधी काळोख, मग एका कडेने चांदी पसरत जाते, हे जमवायला मला दीड महिना लागला. माझ्या सगळ्या कामांत ते सगळ्यात देखणं होतं. अजूनही मी तसंच म्हणेन.

उद्घाटनाला अख्खा गाव होता. थवा पहिल्यांदा वळला तेव्हा कोणी बोललं नाही. मासे विकणाऱ्या बायका पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ताजे आसत गो." मला दुसरं बक्षीस नको होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सांध्यांची तपासणी करत होते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले. हे रघुनाथ तांडेल. साठ वर्षं समुद्रावर गेलेले, आता त्यांची होडी मुलगा दिगंबर चालवायचा. त्यांनी कमानीकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं.

"बाई, ह्या रात्रभर चालू रवतला?"

"नाही काका, साडेदहापर्यंत."

"साडेदहा," ते म्हणाले. "मगे आमी खंयसून येतलंव?"

मला वाटलं, कुठून येणार म्हणजे कमानीचे खांब जेटीवर आल्यामुळे टोपल्या घेऊन चालायला अडचण होईल असं त्यांना म्हणायचंय. मी त्यांना हाताने दाखवलं. "काका, ही बघा, डाव्या बाजूला चार फूट वाट ठेवलीय. हातगाडीसुद्धा जाईल."

त्यांनी त्या चार फुटांकडे पाहिलं. "बरां," म्हणाले आणि गेले.

मी मालवणी बोलते, जन्मापासून बोलते. त्यांनी उच्चारलेला शब्द न् शब्द मला कळला होता. पण ते समुद्रावर उभे राहून विचारत होते आणि मी जेटीवर उभी राहून उत्तर देत होते.

अकराव्या दिवशी सकाळी सरपंचांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी दिगंबरची होडी खाडीच्या तोंडाशी खडकावर आपटली होती. बाहेर इंजिन बिघडलं, म्हणून परतायला उशीर झाला, येईपर्यंत काळोख पडला. दोघे खलाशी पोहत आले. दिगंबर होडी सावरायला उतरला आणि त्याचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. सरपंच म्हणाले, "इंजिनचा प्रॉब्लेम होता, ताई. आपला काही संबंध नाही. तुम्हाला कळावं म्हणून फोन केला."

संबंध नाही हे त्यांनी आपण होऊन का सांगितलं, हा प्रश्न मला फोन ठेवल्यावर पडला. आणि मग ते वाक्य आठवलं. आमी खंयसून येतलंव. मी शेडकडे हाक मारली. विलास वेल्डिंग थांबवून आत आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी माणसाक बघून येऊया."

दवाखान्यात दिगंबरची बायको रेश्मा बाहेर बाकावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने सरकून जागा दिली. तिने मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "शुद्धीवर आसत. बोला तेंच्याशी. पायात सळी घालतले म्हणान सांगलांनी."

दिगंबर पस्तिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. पाय टांगलेला होता. मी विचारलं, "दिगंबर, माशांच्या उजेडाने झालं का?"

माझ्याकडे बघून त्याला माझी दया आली असावी, असं मला आजही वाटतं. "बाई, मासे बरे केल्यात," तो म्हणाला. "तेंका बघता बघता वाट चुकलो, असां काय नाय. वाटच दिसाक नाय."

"इतके दिवस कसं जमलं मग?"

"इतके दिस सगळे उजवाडात परत येय होते. कोण बोलला नाय, पण सगळे लवकर येय होते."

म्हणजे गावातल्या सगळ्या होड्यांनी माझ्या माशांसाठी आपली वेळ बदलली होती. आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी रघुनाथकाकांना विचारलं, मला होडीतून तिथे नेता का? मला ते बघायचंय. ते म्हणाले, "परवा सांजचा या. समुद्र निवळ आसतलो."

कमान अपघातानंतर बंद ठेवली होती. विलास जेटीवर पेटीपाशी थांबले, मी काकांनी मागून आणलेल्या शेजारच्यांच्या होडीत बसले. आयुष्यात तिसऱ्यांदा होडीत बसत होते. सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर काकांनी होडी वळवली आणि इंजिन हळू केलं. मी विलासना फोन करून चालू करायला सांगितलं.

माझे बांगडे पेटले. पाण्यावरून ते जमिनीवरून दिसतात त्याहून सुंदर दिसत होते. खाली पाण्यात दुसरा थवा वळत होता. आणि त्या सगळ्याच्या भोवती, वर, मागे, काही नव्हतं. किनारा नव्हता. माड नव्हते. एवढं मोठं गाव होतं तिथे, ते नव्हतं.

काका म्हणाले, "आता तुमी दाखवा, वाट खंय आसा ती."

मी काही दाखवू शकले नाही. होडी डुलत होती, उजव्या हाताला कुठेतरी पाणी खडकावर फुटल्याचा आवाज येत होता. किती जवळ, ते कळत नव्हतं. मी जीपीएसचं विचारलं. ते म्हणाले, जीपीएस बाहेरच्या समुद्रात. हय वाळू दर पावसाळ्यात सरकता, हय डोळेच व्हये.

मग मी विलासना बंद करायला सांगितलं. मासे गेले आणि आधी तर नुसता काळोख झाला, डोळ्यांपुढे त्या माशांचेच डाग तरंगत राहिले. दोन-तीन मिनिटांनी टेकडीची रेघ दिसायला लागली. मग जेटीच्या टोकाला एका खांबावर एक पिवळा दिवा दिसला, साधा घरगुती बल्ब असतो तसा. तो सगळा वेळ तिथे होता. आणि त्याच्या मागे बराच वर, टेकडीवरच्या देवळाच्या कळसापाशी, दुसरा.

"एकावर एक येवक व्हये," काका म्हणाले. "खालचो डावीकडे गेलो तर तुमी खडकार. उजवीकडे गेलो तर वाळूत. दोनूय एका रेघेत, मगे डोळे मिटून या." त्यांनी सुकाणू किंचित वळवलं. दोन बल्ब हळूहळू जवळ सरकले आणि एकाच्या डोक्यावर एक उभे राहिले. तसेच ठेवून आम्ही आत आलो.

जेटीवर पाय ठेवल्यावर विलासनी विचारलं, "काय दिसलां?" वीस वर्षं मी लोकांना उजेड दाखवत होते. उजेडाने काय झाकलं जातं हे कधी बघायला गेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. सभेआधी सरपंचांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच माझी काळजी होती. "ताई, तुम्ही काही बोलू नका. लेखी तक्रार कोणाचीच नाही. इंजिन बिघडलं होतं हे खरंच आहे. आणखी दोन गावांनी तुमचं काम बघून विचारणा केलीय, मी त्यांना तुमचं नाव दिलंय. कशाला स्वतःवर ओढून घेताय?"

मी खाली सतरंजीवर बसले. सभा सुरू झाली. सरपंचांनी अपघाताची माहिती वाचून दाखवली, पंचायतीतर्फे सहानुभूती व्यक्त केली आणि विचारलं, "रोषणाईबद्दल अपघाताआधी कोणी पंचायतीला, किंवा काम करणाऱ्यांना, काही सांगितलं होतं का?"

रघुनाथकाका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सांगणार नव्हते, हे मला कळलं. बाईमाणसाला सभेत उघडं पाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असावं.

विलास माझ्या शेजारी होते, त्यांनी काही खूण केली नाही, थांबवलंही नाही. मी उठले आणि म्हणाले, "मला सांगितलं होतं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी रघुनाथकाकांनी मला विचारलं होतं की, आम्ही कुठून येणार. मला कळलं नाही. मी त्यांना चालायची वाट दाखवली."

सभेत कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, म्हणजे म्हायत होतां." मी तशीच उभी राहिले. बसावं की नाही कळेना.

रघुनाथकाका बसल्या जागेवरून बोलले. "बाईंका कळाक नाय, आणि माका समजावन सांगूक जमाक नाय. माका वाटलां, येवढी शिकलेली बाई, तिका म्हायत आसतला. माजीय चूक आसा ती."

बायकांच्या बाजूने रेश्मा उठली. मला वाटलं, आता ती बोलेल ते मी ऐकून घ्यायचं, काहीही असलं तरी. ती म्हणाली, "चूक कोणाची ता मगे बघा. आता काय करतलात, ता सांगा. उद्या दुसऱ्याची होडी येतली."

मी म्हणाले, "उद्या सकाळी कमान उतरवते. पुढे काय करायचं ते तुम्हाला विचारून करीन."

त्या दोन गावांची कामं आली नाहीत. सरपंच मला नंतर कितीतरी महिने "बाई" म्हणत होते, "ताई" नाही.

कमान उतरवली, चारशे मासे गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवले. मला कामाला हात लावावासा वाटेना. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. मग एक दिवस विलास मला पिंगुळीला घेऊन गेले. पिंगुळी आमच्या कुडाळच्या कुशीतच, तिथल्या चित्रकथीच्या आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या कलाकारांकडे विलासचं जाणं-येणं होतं, त्यांच्या पडद्यांच्या चौकटी ते करून द्यायचे. एक वृद्ध कलाकार पडद्यामागे दिवा लावून बसले होते. त्यांनी हरीण धरलं. चामड्याचं, भोकं पाडलेलं साधं हरीण, पण पडद्यावर ते कान टवकारून उभं राहिलं. मी त्यांना झालेली गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "उजेड चित्राच्या फाटल्यान ठेवचो, बाई. फुडे ठेवलो काय लोकांच्या डोळ्यांत जाता. मगे ना चित्र दिसता, ना काय."

मी तिथेच जमिनीवर बसून कागद मागितला.

जेटीच्या मुळाशी, गावाच्या बाजूला, मासे लिलावाची शेड आहे. तिची एक लांब भिंत जमिनीकडे तोंड करून आहे; समुद्रावरून ती दिसत नाही. त्या भिंतीवर आम्ही नवा थवा केला. या वेळी मासे पत्र्याचे, विलासनी कापलेले, भिंतीपासून तीन बोटं पुढे. दिवे माशांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. मासा स्वतः काळा राहतो आणि त्याच्या कडेने भिंतीवर निळा-हिरवा उजेड पसरतो. थवा वळतो तसा उजेड सरकतो. वरच्या बाजूला विलासनी पत्र्याची झापड बसवली, म्हणजे आकाशातही उजेड जाऊ नये. काम सुरू करण्याआधी मी सतरा दिव्यांचा एकच मासा भिंतीवर लावला आणि रघुनाथकाकांना होडीतून बाहेर जाऊन बघायला सांगितलं. त्यांनी येऊन मान डोलावली, तेव्हा दुसरा लावला. अशा चार संध्याकाळी ते न कंटाळता समुद्रात जात राहिले.

मी त्यांना म्हटलं होतं, ते दोन पिवळे बल्ब काढून चांगले मोठे दिवे लावून देते. त्यांनी नको म्हटलं. "मोठो दिवो पसारता. आमका ठिपको व्हयो." मग मी फक्त पाणी न शिरणाऱ्या पेट्या करून दिल्या आणि त्यांची वायरिंग पंचायतीच्या बटणापासून वेगळी काढली.

हा थवा पहिल्याइतका देखणा नाही. पर्यटक फोटो काढतात, पण थांबून बघत राहत नाहीत. पहिला बघताना माणसं गप्प व्हायची. ते मला आजही थोडं लागतं, खोटं कशाला बोलू?

आता कुठेही काम घेतलं की, मी आधी सूर्यास्तानंतर जागा उलट बाजूने बघायला जाते. आरोंद्याला खाडीकाठी एकांना घाटाच्या पायऱ्यांवर दिव्यांची रांगोळी हवी होती. मी पलीकडच्या काठाला जाऊन तासभर बसले. तिथे एक बाई जाळं सुकवत होती, तिने विचारलं, "काय हरवलां काय?" मी म्हटलं, "नाय, काय हरवूचा नाय म्हणून बसलंय." तिला काही कळलं नसेल, पण तिने मला चहा आणून दिला.

दिगंबरचा पाय जोडला गेला, पण पहिल्यासारखा झाला नाही. डुलत्या होडीत त्याला तोल धरता येत नाही. होडी आता त्याचा धाकटा भाऊ चालवतो. दिगंबर इंजिनं दुरुस्त करतो आणि ते काम तो चांगलं करतो. तरी जेटीवर उभा राहून समुद्राकडे बघणारा दिगंबर मी पाहिला आहे. त्याचं मी काही भरून देऊ शकलेले नाही. ते भरून येण्यासारखं नाही.

नवा थवा पहिल्यांदा सुरू केला, त्या संध्याकाळी कार्यक्रम असा नव्हता. सरपंच आले नाहीत. लिलावाच्या शेडसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती, रेश्मा होती, रघुनाथकाका होते. मी बटण दाबलं. मासे भिंतीवर सरकायला लागले. बायका काहीतरी बोलत होत्या. दिगंबर मला कुठे दिसेना. मग बघितलं तर तो जेटीवर पुढे जाऊन एका उलट्या टोपलीवर बसला होता, कुबडी शेजारी, पाठ आमच्याकडे. मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "दिगंबर, मासे बघूचे नाय?"

"बांगडे माका रोज दिसतत, बाई," तो म्हणाला. "भावाची होडी भायर आसा. येता काय ती बघूक इलंय."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. आमच्या मागे लोक फोटो काढत होते. समोर काळोख होता, चांगला दाट. बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज आला, मग होडीचा लहानसा दिवा दिसला. तो डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. सरळ आत आला. भावाने दोर फेकला, दिगंबरने बसल्या बसल्या झेलला आणि खुंट्याला गाठ मारली.

मग त्याने कुबडी घेतली, उठला, आणि माशांच्या भिंतीवरून मान न वळवता घरी जेवायला गेला.